घाटात 'ब्रेक फेल' होतो तेव्हा नेमकं काय होतं? कॅलिपरमधल्या छोट्याशा रबराची गोष्ट

२६ जुलै २०२५. शनिवारचा दिवस. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर पुण्याहून मुंबईकडे निघालेला एक कंटेनर ट्रेलर घाट उतरून खोपोलीजवळ आला आणि समोरच्या गाड्यांवर आदळत गेला. वीसेक गाड्यांचा चेंदामेंदा झाला. एका महिलेचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. कारण काय, तर प्राथमिक माहिती आली 'ब्रेक फेल'.

हे दोन शब्द आपण इतक्यांदा वाचलेत की आता त्याचं काही वाटत नाही. खंडाळ्याचा घाट, ट्रक, ब्रेक फेल, पाच गाड्यांना धडक, दोन तास वाहतूक ठप्प. बातमी संपली, आपण खाली स्क्रोल केलं.

पण ब्रेक फेल होतो म्हणजे नेमकं काय होतं? पेडल तुटतं का? हवा संपते का? ड्रायव्हर पाय दाबतो आणि काहीच होत नाही, असं एका क्षणात कसं काय घडतं?

तर खरं उत्तर असं आहे की बहुतेक वेळा ते एका क्षणात घडतच नाही. ब्रेक हळूहळू मरत असतो. कधी आठवडाभर, कधी सहा महिने. घाट फक्त त्याचा निकाल लावतो. आणि या हळूहळू मरण्यात एक वस्तू अशी आहे जिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. ती म्हणजे ब्रेकच्या आत बसलेलं रबर.

आधी भूगोल समजून घेऊ

रायगड जिल्ह्यातले कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहेत. (कर्जत म्हणजे इथं रायगडचं कर्जत, अहिल्यानगरचं नाही.) देशावरून कोकणात उतरणारा बोरघाट या दोन तालुक्यांत येऊन संपतो. रेल्वे कर्जतला उतरते, रस्ता खालापूरला उतरतो. जुना मुंबई-पुणे हायवे शिंग्रोबाच्या देवळावरून खोपोलीत येतो आणि एक्सप्रेसवे खोपोलीच्या बाजूनं खालापूरच्या टोलनाक्याकडे जातो.

घाटाची वाट इंग्रजांना दाखवली ती शिंग्रोबा नावाच्या धनगरानं, अशी इथली आख्यायिका आहे. आजही जुन्या हायवेनं जाणारे ड्रायव्हर देवळापाशी हात जोडतात, नाणं टाकतात. श्रद्धेचा भाग वेगळा, पण त्यामागची भीती अगदी खरी आहे. कारण आकडे पाहिले तर घाट उतरणं ही किती मोठी गोष्ट आहे ते कळतं.

समजा माल भरलेला ४० टन वजनाचा ट्रेलर आहे आणि तो घाटात ५०० मीटर खाली उतरतो. वर असताना त्याच्याकडे उंचीमुळे जी ऊर्जा होती, ती खाली येईपर्यंत कुठंतरी जायला हवी. ही ऊर्जा भरते सुमारे ५४ युनिट, म्हणजे तुमच्या वीजबिलावर असतात तेच युनिट. एवढ्या ऊर्जेत ६०० लिटरहून जास्त पाणी उकळीला आणता येतं.

आता हाच ट्रेलर ताशी ३० किलोमीटरच्या वेगानं बारा किलोमीटरचा उतार उतरला तर त्याला २४ मिनिटं लागतील. म्हणजे तेवढा वेळ घरातल्या साधारण १३० इस्त्र्या एकदम चालू ठेवल्यावर जेवढी उष्णता निघेल, तेवढी बाहेर टाकावी लागते.

यातली थोडी ऊर्जा टायरचं घर्षण आणि वारा खातो. बरीचशी इंजिन खाऊ शकतं, पण गाडी गिअरमध्ये असेल तरच. बाकी सगळी जाते ब्रेकमध्ये. डिझेल वाचवायचं म्हणून कुणी न्यूट्रलवर गाडी सोडली, तर इंजिनचा वाटाही ब्रेकच्याच अंगावर येतो.

ब्रेकमध्ये रबराचं काय काम?

तुमच्या घरातला कुकर आठवा. झाकणाला एक रबरी रिंग असते. रिंग नवी असते तोवर कुकर व्यवस्थित शिट्ट्या देतो. दोन वर्षांनी तीच रिंग कडक होते, चपटी होते, मग बाजूनं वाफ निघायला लागते. कुकर तोच, झाकण तेच, गॅस तोच. बदललं ते फक्त रबर.

ब्रेकचं प्रकरण तसंच आहे. फरक इतकाच की कुकरची रिंग गेली तर भात कच्चा राहतो.

डिस्क ब्रेक तुम्ही बाईकला पाहिला असेल. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी पकडणारी जी सांडशी असते, तिला म्हणतात कॅलिपर. सांडशीच्या तोंडाला घर्षणाचे दोन पॅड असतात. ब्रेक दाबला की पॅड डिस्कला आवळतात.

कार, पिकअप, छोटे टेम्पो यांच्यात ही सांडशी ब्रेक ऑईलच्या दाबावर चालते. पेडल दाबलं की ऑईल एका पिस्टनला ढकलतं आणि पिस्टन पॅडला ढकलतो. पिस्टनच्या भोवती खाचेत एक रबरी रिंग बसवलेली असते. हिचा काप गोल नसतो, चौकोनी असतो. वरवर पाहिलं तर वाटतं की ऑईल बाहेर येऊ नये एवढंच हिचं काम.

पण खरी गंमत पुढं आहे. ब्रेक दाबल्यावर पिस्टन पुढं जातो, तेव्हा ही रिंग त्याला धरून ठेवते आणि स्वतः किंचित पिळवटते. ब्रेक सोडला की रबर आपल्या मूळ आकारात परत येतं आणि येताना पिस्टनला मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाइतकं मागं ओढतं. तेवढ्यानंच पॅड डिस्कपासून सुटतो. तिथं दुसरी कुठलीही स्प्रिंग नसते. रबर हीच स्प्रिंग.

आणि पॅड झिजून पातळ झाला तर? मग पिस्टनला जास्त पुढं जावं लागतं. रिंग जेवढी पिळवटू शकते तेवढी पिळवटते, त्यानंतर पिस्टन तिच्यातून थोडा सरकून नव्या जागी येतो. म्हणजे पॅड किती झिजला याचा हिशेबही हे रबरच ठेवतं. काही रुपयांची ही रिंग गळती थांबवते, पिस्टन मागं ओढते आणि झिजेची भरपाईही करते. अशी ही तिहेरी नोकरी.

मोठ्या ट्रकचं गणित वेगळं आहे

जड ट्रक आणि बसमध्ये ऑईलऐवजी हवा असते. कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, दाब असतो साधारण ८ बार. ब्रेक दाबला की हवा चाकाजवळच्या डब्यात जाते. गॅरेजमध्ये या डब्याला सर्रास 'बूस्टर' म्हणतात. त्याच्या आत एक रबरी पडदा असतो. हवा पडद्याला ढकलते, पडदा दांड्याला ढकलतो.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या ट्रकमध्ये हा दांडा ड्रमच्या आतले लायनर उघडतो. नव्या वातानुकूलित बस, काही नवे ट्रक आणि ट्रेलर यांच्यात मात्र कॅलिपर आलाय. तिथं दांडा कॅलिपरमधल्या एका लिव्हरला ढकलतो आणि लिव्हर दोन जाड खुंट्यांना पुढं सरकवते. या खुंट्या आतल्या पॅडला डिस्कवर दाबतात.

मग बाहेरच्या पॅडला कोण दाबतं? कुणीच नाही. तो आपोआप ओढला जातो. अख्खा कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवर मागंपुढं सरकू शकतो. आतला पॅड डिस्कला टेकला की त्याच्या उलट धक्क्यानं पूर्ण कॅलिपर सरकतो आणि बाहेरचा पॅडही डिस्कला आवळतो. कल्पना साधी आहे, पण त्यासाठी एक अट आहे. कॅलिपर पिनांवर मोकळेपणानं सरकला पाहिजे.

इथं पुन्हा रबर येतं. पिनांच्या तोंडावर आणि खुंट्यांच्या भोवती घड्या घातलेल्या रबरी टोप्या असतात. त्यांना कुणी बूट म्हणतं, कुणी डस्ट कव्हर. हवेच्या कॅलिपरमध्ये या टोप्या दाब धरत नाहीत, पिस्टनला ओढतही नाहीत. त्यांचं काम फक्त राखणदारीचं असतं. चिखल, पाणी, ब्रेकची धूळ आत येऊ द्यायची नाही आणि आतलं ग्रीस बाहेर जाऊ द्यायचं नाही.

राखणदार झोपला की काय होतं, ते आता पाहू.

एक भोक, आणि पुढची साखळी

समजा एका टोपीला नखाएवढी चीर गेली. ट्रक व्यवस्थित चालतोय, ब्रेक लागतोय, ड्रायव्हरला काहीच जाणवत नाही.

पावसाळा सुरू होतो. कर्जत-खालापूरचा पाऊस म्हणजे काय, हे तिथं भिजलेल्यांना सांगायला नको. ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतात आणि पायथ्याशी रिते होतात. रस्त्यावरचं पाणी आणि बारीक चिखल त्या चिरेतून आत जातो. ग्रीस धुऊन निघतं, पिनेवर गंज धरतो. ट्रक दोन-चार दिवस माल मिळण्याची वाट बघत उभा राहिला, तर गंज अजून घट्ट होतो.

आता कॅलिपर सरकताना अडकायला लागतो. इथून पुढं दोन शक्यता असतात.

पहिली शक्यता, कॅलिपर पुढं सरकतच नाही. मग बाहेरचा पॅड डिस्कला नीट आवळत नाही. त्या चाकाचा ब्रेक अर्धवट काम करतो. गाडीला दहा ब्रेक असतील आणि त्यातले दोन असे आजारी असतील, तर दहा जणांचं ओझं आठ जणांवर येतं. सपाट रस्त्यावर हे खपून जातं, घाटात मात्र तेच आठ जण प्रमाणाबाहेर तापतात.

दुसरी शक्यता, कॅलिपर पुढं जातो पण मागं येत नाही. ड्रायव्हरनं पाय काढला तरी पॅड डिस्कला चिकटूनच घासत राहतो. पुण्याहून निघालेली गाडी लोणावळ्यापर्यंत अशीच घासत आली, तर घाट सुरू होण्याआधीच तो ब्रेक तापलेला असतो. खरं काम सुरू व्हायच्या आधीच गडी दमलेला.

पुढं तापमान वाढतं. लांब उतारावर डिस्क किंवा ड्रम काहीशे अंशांपर्यंत तापू शकतात. ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की पॅड आणि लायनरमधले राळेसारखे पदार्थ जळायला लागतात आणि घर्षण कमी होतं. ड्रायव्हर तेवढ्याच जोरानं पाय दाबतो, गाडी मात्र कमी थांबते. याला म्हणतात 'ब्रेक फेड'. मग तो अजून जोरात दाबतो, ब्रेक अजून तापतो, घर्षण अजून कमी होतं. या चक्रातून गाडी बाहेर आली नाही, की दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'ब्रेक फेल'.

ड्रमच्या बाबतीत आणखी एक भानगड असते. तापल्यावर ड्रम फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. तेवढं अंतर भरून काढायला दांड्याला जास्त लांब जावं लागतं आणि त्याचा जोर कमी पडतो. डिस्क तापून फुगते तेव्हा ती उलट पॅडच्या दिशेनं जाड होते. शिवाय ती उघडी असल्यानं लवकर गार होते. म्हणून घाटासाठी डिस्क ब्रेक सरस. पण उघडी असण्याची किंमतही आहे. पाणी आणि चिखल थेट अंगावर येतो, त्यामुळे रबरी टोप्यांची काळजी जास्त घ्यावी लागते.

हवा गळली तर ब्रेक फेल होतो का?

हा एक मोठा गैरसमज आहे. मोठ्या ट्रकच्या मागच्या चाकांच्या बूस्टरमध्ये एक दणकट स्प्रिंग असते. ती कायम ब्रेक लावायला टपलेली असते. हवेचा दाब तिला दाबून ठेवतो, तेव्हा कुठं गाडी हलते. हवा गळून दाब बराच खाली गेला, तर स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आपोआप लागतो. म्हणूनच हवा गेलेला ट्रक रस्त्याच्या मधोमध चाकं जाम होऊन उभा राहिलेला दिसतो.

मात्र एक लक्षात घ्या. लागलेली ही स्प्रिंगही त्याच ड्रमला, त्याच डिस्कला आवळते. ते आधीच तापून बेकार झालेले असतील, तर स्प्रिंगचाही फारसा उपयोग होत नाही. गळतीवर इलाज शोधून ठेवलाय. तापलेल्या ब्रेकवर ऐनवेळी करता येण्यासारखा इलाज नाही.

ऑईलवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचा धोका वेगळा आहे. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं. कोकणात पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं ओलं होतं, तसंच. 'डॉट ३' प्रकारचं नवं ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरते. घाटात कॅलिपर तापला आणि ऑईल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑईल दबत नाही, पण वाफ दबते. पाय दाबला की पेडल सरळ तळाला जातं, आणि ब्रेक? लागतच नाही. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदलायला सांगतात.

रबराला नेमकं कोण मारतं?

पहिला मारेकरी म्हणजे उष्णता. ब्रेक ऑईलच्या संपर्कात येणाऱ्या सीलसाठी ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर वापरलं जातं. ते साधारण १२० ते १५० अंशांपर्यंत टिकतं. जास्त उष्णतेच्या जागी सिलिकॉन रबर लावतात. मर्यादेच्या वर वारंवार गेलं की रबर कडक होतं, त्याची उसळी जाते. कुकरच्या जुन्या रिंगेसारखं ते दाबलेलं तसंच राहतं.

यात एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. घाट उतरल्याबरोबर गाडी थांबवली की कॅलिपरमधलं रबर आणखी तापतं. गाडी चालू असताना वारा लागत असतो. थांबली की वारा बंद होतो आणि डिस्कमधली उष्णता शेजारच्या कॅलिपरमध्ये शिरते. म्हणून खूप तापलेली गाडी लगेच बंद करण्यापेक्षा थोडं अंतर सपाट रस्त्यावर, शक्य तितका कमी ब्रेक वापरून चालवावी. पण ब्रेकच धरत नसेल किंवा चाकातून धूर येत असेल तर मात्र गाडी पुढं न्यायची नाही. आणि तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर बादलीनं पाणी तर अजिबात ओतायचं नाही. धातूला तडा जाऊ शकतो.

दुसरा मारेकरी म्हणजे चुकीचं तेल. ईपीडीएमचं ब्रेक ऑईलशी छान जमतं, पण डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑईल, साधं ग्रीस यांच्याशी हाडवैर. हे पदार्थ लागले की ते फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉनलाही डिझेल-पेट्रोल सोसत नाही.

आता आपल्याकडे काय होतं? कॅलिपर खोलला की मेकॅनिक सवयीनं सगळे भाग डिझेलमध्ये धुतो. पिनांना हाताशी असलेलं चेसिसचं ग्रीस लावतो. गाडीला गंज लागू नये म्हणून वॉशिंगवाल्याकडे खालून ऑईल मारून घेतात, तेही टोप्यांवर बसतं. हेतू चांगला असतो, पण रबराचं आयुष्य तिथंच कमी होतं. जोरदार पाण्याचा फवारा थेट टोपीवर मारला तरी तेच. पाणी कडेनं आत शिरतं.

तिसरा मारेकरी म्हणजे काटकसर. पॅड बदलताना टोप्या आणि पिना तपासायच्या असतात. तिथं 'अजून चालतंय की' म्हणून जुनंच रबर ठेवलं जातं. किंवा स्वस्तातलं लोकल किट टाकलं जातं. बाहेरून दोन्ही रबरं काळीच दिसतात. कुठल्या रबराची बनवली आहेत, हे डोळ्यांना कळत नाही. ते घाटात कळतं.

रबरानं आधीही मोठमोठ्यांना रडवलंय

ब्रेकमधलं रबर काही पहिल्यापासून नव्हतं. ऑईलवर चालणाऱ्या सुरुवातीच्या ब्रेकमध्ये चामड्याचे सील असायचे आणि ते गळायचे. १९२४ साली अमेरिकेतल्या क्रायस्लरनं आपल्या गाडीत रबराचे सील वापरले आणि हे ब्रेक सामान्य गाडीत वापरण्याजोगे झाले. पुढं ट्रामसाठी हवेचे ब्रेक बनवणाऱ्या नील्स क्रिस्टेन्सन या डॅनिश-अमेरिकन माणसानं 'ओ-रिंग' विकसित केली. त्याला १९३९ मध्ये पेटंट मिळालं. आज नळापासून विमानापर्यंत सगळीकडे ही रिंग आहे.

आणि २८ जानेवारी १९८६ ला याच रिंगेच्या एका मोठ्या भावंडानं जगाला हादरवलं. अमेरिकेचं चॅलेंजर यान उडाल्यावर ७३ सेकंदांत उद्ध्वस्त झालं, सात अंतराळवीर गेले. थंडीमुळे रॉकेटच्या जोडावरच्या रबरी रिंगेची उसळी गेली होती आणि गरम वायू बाहेर आला होता. तिथं थंडीनं जे केलं, ते घाटात उष्णता करते. रबर जागेवर दिसतं, फक्त त्याच्यातला जीव गेलेला असतो.

रेल्वे जे करते, ते रस्त्यावर होत नाही

बोरघाटातली रेल्वे सुरू झाली १८६३ साली. कर्जतच्या बाजूनं घाट चढताना ती सुमारे १,८३१ फूट वर जाते. सर्वांत तीव्र चढ आहे १ ला ३७, म्हणजे ३७ फूट पुढं गेलं की एक फूट वर. चढताना कर्जतला मागून जादा इंजिन लावतात, हे दिवाडकरांचा वडापाव खाताना अनेकांनी पाहिलंय.

पण उतरताना काय होतं, हे फार कमी जण पाहतात. मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी अशा ठिकाणी गाडी थांबते. प्रवासी वैतागतात, 'इथं कशाला थांबवली' म्हणतात. ती थांबते ब्रेकची खात्री करायला. गाडी ठरलेल्या जागी थांबू शकली, म्हणजे ब्रेक धरतायत. शिवाय घाटात 'कॅच सायडिंग' आहेत. म्हणजे बेफाम सुटलेल्या गाडीला मुख्य मार्गावरून बाजूला घेणारे चढाचे रूळ. रबर रेल्वेच्या ब्रेकमध्येही होतं. व्हॅक्यूम ब्रेकच्या जमान्यात सिलेंडरमध्ये रबराचीच रोलिंग रिंग असायची.

रेल्वेची पद्धत साधी आहे. ब्रेक चांगला आहे असं धरून चालायचं नाही, तो चांगला आहे हे प्रत्येक वेळी सिद्ध करायचं. रस्त्यावर उलटं आहे. तिथं ब्रेक चांगला आहे असंच धरून चालतात, तो नसल्याचं सिद्ध होईपर्यंत. व्यावसायिक गाडीला फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. पण रबरी टोपी फाटायला आणि पिन गंजायला एक पावसाळा पुरतो.

मग करायचं काय?

गाडी तुमची असेल किंवा तुम्ही चालवत असाल, तर या गोष्टी लक्षात ठेवा.

– घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच्या आसपासच्या गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल कधीच नाही. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो आधी वापरा. गिअर उतार सुरू होण्याआधी पाडा, मध्यावर नाही.

– लांब उतारावर पाय ब्रेकवर सतत टेकवून ठेवू नका. थोडा वेळ ठाम दाबा, वेग कमी करा, सोडा. सोडल्यावर ब्रेकला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

– घाटाआधी थांबा तेव्हा चाकांजवळून एक चक्कर मारा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल, तर तिथं काहीतरी घासतंय. हात लावू नका, जवळ नेला तरी धग कळते. कोविडच्या काळात कपाळावर धरायचे तसली, पण जास्त तापमान मोजणारी थर्मामीटरची बंदूक मिळते, ती ठेवली तर उत्तम.

– एकाच कॅलिपरमधला आतला आणि बाहेरचा पॅड कमीजास्त झिजलाय? मग पॅडला दोष देऊ नका, पिना आणि टोप्या तपासा.

– पॅड बदलताना कॅलिपर पिनांवर हातानं सरकतोय का ते बघायला सांगा. टोपी फाटलेली, फुगलेली किंवा कडक झालेली असेल तर ती बदलाच. ग्रीस कॅलिपर बनवणाऱ्यानं सांगितलंय तेच लावा. डिझेलनं धुणं बंद.

– पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, असं वर्षातून दोनदा हे तपासलं तर बरंच काही टळतं.

आणि तुम्ही नुसते प्रवासी असाल तर? बस घाट उतरताना जळका वास आला, चाकातून धूर दिसला, तर गप्प बसू नका. ड्रायव्हरला किंवा कंडक्टरला लगेच सांगा. कारमध्ये असाल तर घाटात जड ट्रकच्या पुढं जाऊन अचानक ब्रेक मारू नका. तुमची गाडी थांबेल, त्याची थांबेलच असं नाही.

आता सगळे अपघात रबरामुळे होतात का? नाही. वेग, जादा माल, झोप, न्यूट्रल, लेन तोडणं अशी कारणांची यादी मोठी आहे. पण बाकीची बरीच कारणं उतारावर डोळ्यांना दिसतात. फाटलेली टोपी दिसत नाही. ती बघायला चाकाजवळ वाकावं लागतं, आणि ते काम खंडाळ्यात नाही, त्याच्या कितीतरी आधी गॅरेजमध्ये करायचं असतं.

पुढच्या वेळी बातमीत 'ब्रेक फेल' वाचाल तेव्हा एवढं आठवा. ब्रेक त्या दिवशी फेल झालेला नसतो. तो आधीच कधीतरी आजारी पडलेला असतो, फक्त त्याच्याकडे कुणी पाहिलेलं नसतं.